सगुणाबाईची खारट चिकटवही

सगुणाबाईला कुणी "हे तुला नाही जमायचं" म्हटलं की ते काम झालंच म्हणून समजावं. कसं झालं ते विचारू नये. ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे शहाणी माणसं तिला कधी तसं म्हणायची नाहीत. पण मनुबाई शहाण्या माणसांत मोडत नव्हती, आणि म्हणूनच ती चिकटवही झाली.

गोष्ट एक्क्याण्णव सालची. सगुणाबाई तेव्हा पन्नाशीला एक कमी. अंगाने काटक, काष्टा घट्ट, बोलणं त्याहून घट्ट. धंदा सुक्या मासळीचा. कारखान्यांनी खाडीत सोडलेल्या पाण्यामुळे खाडीची मासळी केव्हाच रोडावली होती, तेव्हा बायका मुंबईच्या बंदरावरून ओले बोंबील टेम्पोने आणायच्या आणि वाड्याच्या टोकाला असलेल्या पटांगणात सुकवायच्या. बांबूंच्या चौकटी, त्यांवर ताणलेल्या दोऱ्या, आणि दोऱ्यांवर जबड्यात जबडा अडकवून लटकवलेले बोंबील. या चौकटींना वलांडी म्हणतात. पणजीच्या काळापासून वलांडी तिथेच. सुकलेला माल पाटीत भरून सगुणाबाई आठवड्यातून दोनदा कल्याणच्या बाजारात आणि एकदा डोंबिवलीला दारोदार न्यायची.

जून संपता संपता पटांगणाच्या कोपऱ्यातल्या खांबाला एक नोटीस लागली. सगुणाबाई चौथी पास. तिने भर पावसात डोक्यावर इरलं धरून ती दोनदा वाचली. सदर जागा मोकळी व वापरात नसल्याचे पाहणीत आढळले, सबब तेथे उद्यान करण्याचे योजिले आहे. कोणाची हरकत असल्यास पुराव्यानिशी ऑगस्टच्या अमुक तारखेला सुनावणीस हजर राहावे.

आता या पाहणीची तारीख काय, तर बावीस जून. धो धो पावसात साहेब आले, गुडघाभर चिखल बघितला, एकही बोंबील दिसला नाही, लिहिलं 'वापरात नाही'. सगुणाबाई खांबाशीच करवादली: अरे, पावसात मासळी कोण सुकवतो? बांबूसुद्धा आम्ही उतरवून घरात ठेवतो. हाच साहेब मे महिन्यात शेतावर गेला तर लिहील, इथे भात पिकत नाही. असल्या माणसांना पंख्याखाली बसून कागद रंगवायला ठेवलंय आणि आपण त्यांच्यापुढे उभं राहून सिद्ध करायचं की आपण आहोत!

वाड्यातले चार पुरुष इस्त्रीचे शर्ट घालून कचेरीत जाऊन आले. परत येताना त्यांच्याकडे एकच शब्द होता. पुरावा.

"कसला पुरावा?" सगुणाबाईने नवऱ्याला विचारलं.

गोमाजी मितभाषी. जाळ्याची गाठ मारता मारता म्हणाला, "कागद."

"बोंबील सुकवायला कागद लागतो?"

"बोंबलाला नाय. सायबाला लागतो."

कागद कुणाच्याच घरात नव्हता. पणजोबाने पहिला बांबू रोवला तेव्हा तिथे कुणी दाखला लिहायला बसलं नव्हतं. पटांगण गेलं तर सुकवायचं कुठे? गच्चीवर? गच्ची कुणाची? वाड्यातल्या तीसेक बायकांचा धंदा त्या दोऱ्यांवर लटकलेला होता, आणि हे कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, कारण बोललं की खरं व्हायचं.

त्या आठवड्यात डोंबिवलीला ती विमलाबाईंकडे गेली. विमलाबाई म्हणजे तिचं जुनं गिऱ्हाईक, शाळेतल्या निवृत्त चित्रकला शिक्षिका, पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर राहायच्या, आणि सुक्या कोळंबीचे सोडे निवडताना एकेक सोडा चष्म्याखाली धरून बघायच्या. त्यांना एक छंद होता, चिकटवह्यांचा. रांगोळ्यांची एक, पाककृतींची एक, सहलींची एक. त्या दिवशी सहलींची वही उघडी होती. एका फोटोत विमलाबाई तरुणपणी कल्याणच्या खाडीवर उभ्या, हातात छत्री.

"ह्या मागं कसलं देऊळ हाय, बाई?"

"अहो, ते पडलं हो नंतर. आता तिथे काही नाही. आम्ही देवळाचा फोटो कुठे काढला होता, आपल्याच नटण्यात होतो. पण आता बघा, देवळाची तेवढीच एक आठवण उरली."

सगुणाबाईच्या हातातला तराजू तसाच राहिला. वाड्यातली सगळी लग्नं उन्हाळ्यात. मांडव पटांगणाच्या कडेला. आणि लग्न असलं म्हणून कुणी वलांडीवरचा माल उतरवत नाही. म्हणजे गेल्या चाळीस वर्षांतल्या प्रत्येक नवरा-नवरीच्या मागे काय होतं? बोंबील होते!

वाड्यात आल्या आल्या तिने नळावर जाहीर केलं. घरटी एक लग्नाचा फोटो द्या, मी चिकटवही करते, साहेबापुढे टाकते.

मनुबाई हंडा भरत होती. ती सगुणाबाईची शेजारीण, सुकटवाली, आणि आवाजात तिच्याहून वरचढ. ती हंडा खाली ठेवून हसली. "काय गो सगुणाताय, वही? तुझ्या घरात डाळीचे डबे कनचे नि चहाचे कनचे ते तुला ठाव नाय. तू वही लावणार? नाय जमायची."

झालं. वही ठरली.

इथे 'सगुणाताय' या शब्दाबद्दल सांगायला हवं. मनुबाई तिला ताई म्हणायची ते मानाने नव्हे. त्यात तिचा डाव होता. मनुबाईचं म्हणणं, आपण सगुणापेक्षा चार वर्षांनी लहान, तिच्या लग्नानंतर या वाड्यात सून म्हणून आलो. सगुणाबाई याच वाड्याची लेक, याच वाड्यातल्या घरात दिलेली. तिला स्पष्ट आठवत होतं की मनुबाईच्या लग्नात आपण परकर-पोलक्यात होतो. पण मनुबाईची सासू गेली, नवरा गेला, साक्षीदार एकेक करून संपले, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं वय लहान ठरलं. तीस वर्षं हा वाद पुराव्याअभावी पडून होता.

फोटो जमवायला आठवडा लागला. ट्रंकेतून, देवाच्या तसबिरीमागून, एक तर तांदळाच्या डब्यातून निघाला. प्रत्येकीची अट वेगळी. कुणी म्हणे माझा पहिल्या पानावर. कुणी म्हणे माझ्या जावेच्या शेजारी नको. सगळ्यांची एक अट मात्र सारखी: फोटो जसा दिला तसा परत. सगुणाबाईने पाटीत प्लॅस्टिक अंथरून, वर ओढणी टाकून एकेचाळीस फोटो घरी आणले, आणि स्टेशनजवळच्या दुकानातून जाड खाकी पानांची मोठी वही घेतली.

विमलाबाईंनी तिला सांगून ठेवलं होतं. आधी सगळे फोटो जमिनीवर पसरा. सालवार लावा. हात धुवा. फोटोच्या सबंध पाठीला खळ फासू नका, कोपऱ्यांत अडकवा. आणि खळ केलीच तर त्यात चिमूटभर मोरचूद घाला, किडा लागत नाही.

सगुणाबाईने हात धुतले. बाकी सगळं आपल्या मनाने केलं.

सालवार लावायचे म्हणजे काय? एकीचं लग्न पहिल्या पानावर आणि एकीचं शेवटच्या? वाड्यात राहायचंय तिला. तिने लावले ते वाट्याने. मासळीवाली बाजारात वाटे लावते ते कसे? प्रत्येक वाट्यात एक मोठा मासा, दोन मधले, वर मूठभर बारीक, म्हणजे कुठलाही वाटा उचला, कुणावर अन्याय नाही. तसंच प्रत्येक पानावर एक मोठा फोटो, दोन मधले, आणि कडेने पासपोटासारखे बारके. मनुबाई येऊन बघून गेली आणि तिलासुद्धा खोट काढता येईना. एवढ्या न्यायाने लावलेली वही जगात दुसरी नसेल. फक्त त्यात कुठलं साल कुठे आहे ते देवाला ठाऊक.

खोट मनुबाईला दुसरीकडे सापडली. "ये बघ, ये बघ," ती बोट ठेवत गेली, "धर्माच्या लग्नात तू. जनाबाईच्या पोरीच्या लग्नात तू. ह्यात पन तूच. अगो, दुसऱ्याच्या फोटोत किती घुसतंस?"

खरंच होतं. नवरा-नवरी पुढे हारात, वऱ्हाडी बाजूला हसतायत, आणि मागे वलांडीपाशी एक बाई वाकलेली, बोंबील उलटवतेय. तोंड त्यातल्या एकाही फोटोत नाही. दर वेळी पाठ, काष्टा आणि आणखी खाली जे असतं ते. लग्न कुणाचंही असो, माल दुपारी पलटायलाच लागतो, आणि वाड्यात ते काम वेळच्या वेळी करणारी एकच. लोक जेवत असत तेव्हा ती दोरीपाशी असे.

"चांगला दिसतो तुझा भाग," मनुबाई म्हणाली. "सायेब खूश होईल."

सगुणाबाईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दुसऱ्या दिवशी तिने जुन्या लग्नपत्रिकांवरचे गणपती, कलश, उदबत्तीच्या पुड्यांवरची गुलाबाची फुलं कातरून काढली आणि प्रत्येक फोटोत स्वतःच्या पाठीवर नेमकी एकेक चिकटवली. वही सजली. कुठेही पाठ नाही. मागे जिथे-तिथे अधांतरी गणपती आणि गुलाब. गोमाजीने पानं चाळली आणि विचारलं, "वलांडीवर गणपती कोनी सुकवला?"

आणि खळ. मोरचूद म्हणजे विष, ते लोकांच्या लग्नाला कशाला फासू, असं तिचं म्हणणं. टिकायला काय लागतं ते तिला विमलाबाईने शिकवायचं? उभा जन्म मासळी टिकवण्यात गेला. तिने कणकेची खळ शिजवली आणि तिच्यात दोन मुठी मीठ घातलं. मिठात घातलेलं काही नासत नाही. मग सबंध पाठी भरभरून फासून एकेचाळीस फोटो ठोकून बसवले, पानं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये प्लॅस्टिक घातलं, वहीवर पाटा ठेवला, आणि सुनावणीची वाट बघत बसली.

सुनावणीला पाच दिवस राहिले तेव्हा तिने पाटा उचलला.

वहीला घाम फुटला होता. पानं गार, ओली, लिबलिबीत. प्लॅस्टिकवर थेंब. एक पान उचललं तर त्यावरचे चार फोटो सरकत सरकत खाली आले, वाट्यावर पाणी मारल्यावर मांदेली सरकावी तसे. गणपती-गुलाब तर केव्हाच सुटून तळाशी गोळा झाले होते. सगुणाबाईने ते चार फोटो पदरात घेतले. तिच्या डोळ्यांपुढे आलं ते पटांगण नव्हतं. एकेचाळीस घरं! जनाबाईच्या मेलेल्या पोरीचा एकच फोटो होता घरात, तो तिने हिच्या हातात दिला होता.

तोंडातून मात्र निघालं ते वेगळंच. "तुमीच पाटा ठेवलाव ना जड?"

गोमाजीने पानावर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. "मीठ घातलंस?"

"मग? टिकायला."

"पावसात बरणीतल्या मिठाला काय होतं?"

सगुणाबाईने पदराच्या टोकाने पान टिपायला घेतलं.  गोमाजी उठला, घरातल्या घरात एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत चुलीच्या वरून दोरी बांधली आणि म्हणाला, "चल. माल ओला हाय. सुकव."

तिने एकेक फोटो अलगद सोडवला, ओल्या फडक्याने खळ पुसली, चिमट्याने दोरीला लावला. फोटो बिघडले नव्हते. एकदोन फोटोंच्या कडा सोलल्या होत्या, एका नवऱ्याची मिशी थोडी गेली होती आणि त्याच्या बायकोने पुढे सांगितलं की तो असाच बरा दिसतो. मीठच होतं म्हणून खळ कधी घट्ट वाळली नाही, आणि म्हणूनच फोटो न फाटता निघाले. पण फोटो उलटे टांगले गेले होते, पाठ पुढे, आणि दहाबारा झाल्यावर सगुणाबाईचा हात थांबला.

प्रत्येक पाठीवर एक जांभळा शिक्का. मधु फोटो स्टुडिओ, टेंभी नाका, ठाणे. आणि शिक्क्याखाली शाईने तारीख. मधु फोटोवाला मरून दोन वर्षं झाली, पण माणूस शिस्तीचा. एकही फोटो त्याने तारखेशिवाय दिला नव्हता. आणि सगुणाबाईने त्या सगळ्या तारखा मिठाच्या खळीने गाडून टाकल्या होत्या. साहेबापुढे तशीच वही गेली असती तर त्याने विचारलं असतं, बाई, हे केव्हाचं? मग काय सांगणार होती ती? वाट्याने लावलंय म्हणून?

दुसऱ्या दिवशी ती फोटोंची पिशवी घेऊन डोंबिवलीला गेली. तोंड पाडून जिना चढायची तिची पहिलीच वेळ. विमलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, "सगुणाबाई, मीठ?" मग त्यांना इतकं हसू आलं की त्या खुर्चीचा हात धरून बसल्या. सगुणाबाई फुगली. विमलाबाईंनी तिला चहा दिला, कपाटातून काळ्या कागदी कोपऱ्यांची डबी काढली, चार कोपरे चार टोकांना लावून फोटो आत सरकवला आणि परत बाहेर काढून दाखवला. पुढची बाजूही दिसते, मागचीही.

"ये आधी सांगायचंत ना!"

"सांगितलं होतं."

"मोठ्यानं नाय सांगितलंत."

मग दोघी जमिनीवर बसल्या. सालांचे वाटे लागले, एका फरशीवर एक साल. आणि सगळ्यात पहिल्या फरशीवर कोण आलं? मनुबाई. शिक्का सांगत होता, मे १९५४. चेहऱ्यावर मुंडावळ्या, चांगली सोळा वर्षांची थोराड नवरी. मागे वलांडी, वलांडीमागे खाडीवरच्या रेल्वे पुलाची कमान, आणि दोरीशी परकर-पोलक्यातली एक बारा वर्षांची पोर, पाठमोरी, इतकी बारीक की गुलाब चिकटवताना सगुणाबाईच्या ध्यानातही आली नव्हती. त्यानंतरचा फोटो सगुणाबाईच्या स्वतःच्या लग्नाचा, अठ्ठावन्न सालचा. सगुणाबाई तोंडाने दिसते असा वहीतला तेवढाच फोटो, आणि त्यातही ती मागे वळून माल बघण्याच्या बेतात आहेसं वाटतं.

ती परतली ती अंगात वारं भरल्यासारखी. थेट मनुबाईच्या दारात. शिक्का तिच्या नाकासमोर धरला. "वाच."

मनुबाईने वाचला. तिला वाचता येत होतं, हे तिचं दुर्दैव.  मग म्हणाली, "तो फोटो माझा हाय. परत दे. जसा दिला तसा परत, असं बोललीस तू."

"अगो, सगळ्यांत जुना हाय तो."

"अठ्ठावन्नचा हाय ना तुझा? मग तेवढा बास. माझा दे."

तीस वर्षांनी जिंकलेला वाद हातात होता. सगुणाबाई तो फोटो नळावर नेऊन सगळ्या वाड्याला दाखवू शकत होती. पण शब्द दिला होता. तिने फोटो परत दिला, आणि वर कुणाला काही सांगितलंही नाही. हे तिला किती जड गेलं ते गोमाजीला ठाऊक. त्या दिवशी कालवणात मीठ नव्हतं.

सुनावणीला आठ बायका गेल्या. इस्त्रीचे शर्ट मागे. साहेब तरणाच होता, भांग पाडलेला, टेबलावर फाइल. सगुणाबाईने फाइलवर वही ठेवली.

साहेबाने दोन पानं उलटली. "बाई, हे लग्नाचे फोटो आहेत."

"व्हय. नवरा-नवरी सोडा सायेब. मागचं बघा."

साहेबाने बघितलं. बोंबील. पुढचं पान, बोंबील. एक फोटो कोपऱ्यांतून काढून तारीख वाचली, दुसऱ्याची वाचली. मान हलवली. मग शेजारच्या कारकुनाने हळूच बोट ठेवलं. "साहेब, ही बाई प्रत्येक फोटोत आहे."

"कोण बाई?"

"ही पाठमोरी."

गणपती आणि गुलाब आता नव्हते. सगुणाबाईने खाली बघितलं. साहेब म्हणाला, "ते असू दे. पण कशावरून ही तुमच्याच वाड्यातली? कुणी मजूर असेल, पाहुणी असेल. वापर सलग आहे हे कसं कळायचं?"

 सगुणाबाईचं डोकं भडकलं. चाळीस वर्षं त्या दोरीशी वाकलो आणि आता आम्ही पाहुण्या! ती उठली, साहेबाकडे पाठ केली, आणि जमिनीवरची पिशवी उचलायला वाकावं तशी वाकली. "बघा! जुळतंय का बघा!"

"बसा, बसा हो बाई!" साहेब खुर्चीसकट मागे सरकला. कारकून फाइलीत तोंड घालून खोकायला लागला. साहेबाने घाईघाईने लिहिलं की ओळख पटली.

पण मग त्याने एक नकाशा उलगडला. "हे सगळं मान्य. अडचण अशी आहे की सत्तावन्न सालच्या ह्या नकाशात जागा पडीक दाखवली आहे. तुमचा सगळ्यात जुना फोटो अठ्ठावन्नचा. म्हणजे नकाशानंतर तुम्ही तिथे आलात असं होतं. त्याआधीचं काही आहे?"

एका वर्षाने हुकलं होतं. सगुणाबाईने मनुबाईकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही. ती नकाशाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "नाय सायेब. वहीत एवढंच हाय."

 मग कुणीतरी नाकातून जोरात श्वास सोडला, आणि मनुबाईने कमरेची पिशवी सोडून एक फोटो टेबलावर आपटला.

"ये घ्या. चोपन्न. आणि ती मागची पोर, परकरातली, ती ही. सगुणा. ही तेव्हापासून लोकांच्या फोटोत घुसते."

साहेबाने फोटो उलटला. शिक्का वाचला. परत सुलटा केला, पुलाची कमान नकाशावरच्या पुलाशी ताडून बघितली. "छान. तुमचा जबाब लिहून घ्यावा लागेल. नाव?"

"मनुबाई."

"वय?"

मनुबाईने छताकडे बघितलं. सात बायकांनी मनुबाईकडे बघितलं. कारकुनाने पेन उचलून धरलं होतं. फोटो टेबलावर सुलटा पडला होता आणि त्यातली थोराड नवरी सगळ्यांकडे टक लावून बघत होती.

"लिहा," ती म्हणाली, "त्रेपन्न."

सगुणाबाई तिथे हसली नाही. जिना उतरेपर्यंत हसली नाही. रस्त्यावर आल्यावर मात्र तिने पदर तोंडात कोंबला, आणि कोळीवाड्याच्या कमानीपर्यंत तिला चालताना दोन वेळा थांबून भिंतीला टेकावं लागलं. मनुबाई चार पावलं पुढे चालत होती. मागे न वळता म्हणाली, "हस. फुटशील एकदा."

साहेबाला वही फाइलीत ठेवायची होती. सगुणाबाईने दिली नाही. कचेरीत गेलेलं काही परत येतं का? झेरॉक्स काढा म्हणाली. काढल्या. नवरा-नवरी सगळे काळेठिक्कर, वलांडी म्हणजे चार रेघा. ओळखू येते ती फक्त सगुणाबाईची पाठ. ते कागद आजही त्या फाइलीत असणार.

पाऊस सरल्यावर, नवरात्र आटोपल्यावर, साहेब पुन्हा पाहणीला आला. वाड्याने आठ दिवस आधीपासून मालाची व्यवस्था केली होती. दोरीला दोरी लागेल इतके बोंबील. साहेब नाकाला रुमाल लावून पटांगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. फार वेळ थांबला नाही. उद्यानाची रेघ नकाशावर खाडीच्या वरच्या अंगाला सरकली, आणि पटांगणापुढे लिहून आलं, 'पावसाळा वगळता वापरात'. पुरुषांनी फटाके लावले, जणू कचेरीत तेच वाकून आले होते.

फोटो शब्दाप्रमाणे घरोघर परत गेले. आठवड्यात बहुतेक सगळे परत आले. तुझ्याकडेच राहू दे, आमच्याकडे ट्रंकेत कसर लागते, असं बायका म्हणाल्या. खरं म्हणजे प्रत्येकीला येऊन दुसरीचा बघायचा होता. सगुणाबाईने आता सालवार लावले, मोरचूद घालून, कोपरे लावून, प्रत्येकाखाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ. अक्षर मोठं, ओळ वर चढत जाणारी. वही बघायला डोंबिवलीहून विमलाबाई आल्या, जेवून गेल्या, आणि जाताना फक्त म्हणाल्या की ओळी पट्टीने आखून घ्यायच्या. सगुणाबाईने हो म्हटलं आणि आखल्या नाहीत.

पहिल्या पानावर मनुबाई. खाली लिहिलं होतं: 'मनुबाईचं लगीन, मे १९५४. मागे सगुणा, वय १२.'

मनुबाई अधूनमधून यायची, वही मागायची, पहिलं पान उघडून बसायची. एकदा तिने बोटाने ते साल घासूनही बघितलं. पुसलं जात नव्हतं. मग वही मिटून, दारावरून जाणाऱ्या कुणा नव्या सुनेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "येते गो सगुणाताय."

"ये, पोरी," सगुणाबाई म्हणाली, आणि वही पाट्याखाली न ठेवता उंच फळीवर ठेवली.